डोंगराळ जमिनीवर खासगी धावपट्टी : कुशीत कापावी की सोंडेवर चढवावी?

सोंडेवर
नमस्कार मंडळी. चार आसनी, एका इंजिनाच्या विमानासाठी (सेसना १७२एस धरून चाला) गवती धावपट्टी आखायची आहे. जमीन डोंगराळ, उंची समुद्रसपाटीपासून ९०० मीटर, उन्हाळ्यात दुपारचं तापमान २९ अंशांपर्यंत. दोन जागा निघतात.

जागा अ : डोंगराच्या कुशीला धरून, समपातळी रेषेवर ६०० मीटर. लांबीत उतार जवळजवळ नाही, पण आडवा उतार ३० टक्के.

जागा आ : सोंडेच्या धारेवरून सरळ वर. ६०० मीटरांत ४२ मीटर चढ. खालचे २०० मीटर ४ टक्के, मधले २५० मीटर ७ टक्के, वरचे १५० मीटर ११ टक्के. त्याच्या वर शंभरेक मीटर सपाट माथा. धारेच्या दोन्ही अंगांना साधारण १० टक्के उतार.

माझा कल अ कडे आहे. एकदा ३० मीटर रुंदीचा टप्पा कापला की सपाट पट्टी मिळते आणि दोन्ही बाजूंनी उतरता येतं. आ वर उतार इतका आहे की ती पट्टी म्हणावी की घाटरस्ता, असा प्रश्न पडतो. माती किती हलवावी लागेल, भराव कसा टिकवायचा आणि लांबी पुरेल का, यावर मतं हवीत.

लेव्हलबुक
आधी मातीचा हिशोब करू, मग बाकीचं बोलू.

रुंदी ३० मीटर, निम्मी डोंगरात कापलेली आणि निम्मी भरावावर. कापाचा तट १:१ आणि भरावाचा उतार १:२ (एक उभा, दोन आडवे) धरतो. आडवा उतार १५ टक्के असता तर कापाचा छेद सुमारे २० चौरस मीटर आणि भरावाचा २४ आला असता. तुमच्याकडे ३० टक्के आहे. तिथे काप ४८ आणि भराव ८४ चौरस मीटर होतो. उतार दुप्पट झाला आणि भराव साडेतीनपट. कारण भरावाचा पायथा जमिनीला टेकायला खाली खाली सरकत जातो. १:२ च्या उताराला ३० टक्क्यांची जमीन २२ मीटर पुढे जाऊन भेटते आणि तिथे भरावाची उंची ११ मीटरांवर गेलेली असते.

६०० मीटर लांबीला म्हणजे काप २९ हजार घनमीटर आणि भराव ५० हजार. वरचे २१ हजार कुठून आणणार? शिवाय दाबल्यावर माती १०-१५ टक्के आकसते, तेही धरा. सेंटरलाइन डोंगराच्या आत सरकवली तर तोल साधतो, पण तट उंच होतो आणि विमानाचा पंख तटाच्या बाजूला येतो.

आता आ बघा. धारेचा माथा ८०-८५ सेंटिमीटर तासला आणि निघालेली माती दोन्ही अंगांना पसरली की ३० मीटर रुंदी मिळते. कापाचा छेद सहा-सात चौरस मीटर आणि भरावाचाही जवळपास तेवढाच. सगळं काम चारेक हजार घनमीटरांत. भरावाची उंची कुठेच मीटरच्या वर जात नाही.

एक सुचवतो. धावायची रुंदी १८ मीटर आणि दोन्हीकडे ६-६ मीटर साफ पट्टा, असे हे ३० मीटर झाले. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १४ मध्ये सर्वांत लहान वर्गाच्या, म्हणजे कोड १ च्या साध्या पट्टीला १८ मीटर रुंदी आहे, पण साफ पट्टा सेंटरलाइनपासून दोन्हीकडे ३०-३० मीटर मागितलाय. आ वर तो गवताच्या सौम्य उतारात मिळेल. अ वर एका बाजूला तट आणि दुसऱ्या बाजूला ११ मीटरांचा भराव, तिथे तो कधीच मिळणार नाही.

सोंडेवर
आकडे बघून धक्का बसला. पण त्याच परिशिष्टात कोड १ आणि २ ला लांबीतला उतार २ टक्क्यांपर्यंतच ना? आ तर सरासरी ७ टक्के आहे.

टेलव्हील
बरोबर, २ टक्केच. ती मर्यादा दोन्ही दिशांनी, कुठल्याही वैमानिकाने वापरायच्या पट्टीसाठी आहे. डोंगरातल्या पट्ट्या ती पाळत नाहीत आणि म्हणूनच त्या एकदिशा असतात. उतरायचं चढाकडे, उडायचं उताराकडे. फ्रान्समधल्या कुर्शव्हेलची पट्टी ५३७ मीटर, उतार १८ टक्क्यांच्या वर. तिथे २२ वर उतरतात आणि ०४ वरून उडतात (हे आकडे एकाच पट्टीच्या दोन दिशांचे, अंशांचा दहावा भाग). नेपाळातल्या लुक्लाची ५२७ मीटर, उतार पावणेबारा टक्क्यांच्या आसपास, उतरायचं ०६, उडायचं २४. पट्टी संपते तिथे डोंगर उभा. तुमच्या देशात अशा पट्टीला परवानगी कुठल्या अटींवर मिळते ते आधी लेखी विचारा. भौतिकशास्त्र मात्र सगळीकडे सारखं आहे, ते सांगतो.

१७२एसच्या हँडबुकात समुद्रसपाटीला, पूर्ण वजनात, कोरड्या पक्क्या पट्टीवर जमिनीवरची धाव ९६० फूट आणि ५० फुटांचा अडथळा पार करेपर्यंत १६३० फूट आहे. म्हणजे २९३ आणि ४९७ मीटर. यावर लहान विमानांसाठी ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाचे गुणक लावू: दर हजार फूट उंचीला १० टक्के, प्रमाण तापमानापेक्षा दर १० अंश जास्तीला १० टक्के, कोरड्या गवताला २० टक्के, शेवटी उड्डाणासाठी सुरक्षिततेचा १.३३.

९०० मीटर म्हणजे सुमारे ३ हजार फूट : १.३. त्या उंचीला प्रमाण तापमान ९ अंश, तुमच्याकडे २९, म्हणजे २० जास्त : १.२. गवत : १.२.
४९७ × १.३ × १.२ × १.२ = ९३०. गुणिले १.३३ = १२३७ मीटर.

हे अ साठी. सपाट ६०० मीटरांत उन्हाळी दुपारी पूर्ण वजनाने १७२ उडवायची नाही, विषय संपला. 'दोन्ही बाजूंनी वापरता येणारी पट्टी' प्रत्यक्षात कुठल्याच बाजूने पुरत नाही.

आता आ. जमिनीवरची धाव : २९३ × १.३ × १.२ × १.२ = ५४८ मीटर. चाकं सुटतात तेव्हा खरा वेग सेकंदाला २९ मीटरच्या आसपास. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट केलं की सरासरी प्रवेग ०.७७ निघतो. ७ टक्के उतार गुरुत्वाकर्षणातून ०.६९ ची भर घालतो. म्हणजे एकूण १.४६ आणि धाव २८८ मीटर. १.३३ लावून ३८३. उडण्याच्या वेगाच्या दहा टक्के मागून वारा असेल तर आणखी २० टक्के, म्हणजे ४६०. तरी ६०० च्या आत, आणि पुढे जमीन पायाखालून निघून जाते, ५० फुटांचा अडथळाच उरत नाही.

हेच उलटं करून बघा. चढाकडे उडायचं म्हटलं तर ०.७७ मधून ०.६९ गेले, उरले ०.०८. धाव पाच किलोमीटरांच्या वर. म्हणून एकदिशा. हा वैमानिकाच्या आवडीनिवडीचा प्रश्नच नाही.

लेव्हलबुक
एक दुरुस्ती. गवताचा १.२ हा पूर्ण अंतराचा गुणक आहे, तुम्ही तो नुसत्या धावेला लावलात. १७२एसच्या हँडबुकात कोरड्या गवताला 'धावेच्या १५ टक्के वाढवा' असं स्वतंत्र दिलंय. फरक थोडा आहे, पण हँडबुकात तक्ता असताना बाहेरचे गुणक कशाला? उंची-तापमानाचाही तक्ता त्यातच आहे.

टेलव्हील
मान्य. तक्ता आधी, गुणक फक्त जागा निवडतानाच्या अंदाजाला. शिवाय तक्ता नव्या इंजिनाचा आणि कसलेल्या वैमानिकाचा असतो, म्हणून १.३३ सोडायचा नाही. उताराचा फायदा मोजून पट्टी आखूड करायचा मोह सगळ्यांना होतो. जागा आहे तर ६०० च्या ६०० ठेवा.

उतरण्याबद्दल. स्पर्शाचा वेग ५५ नॉट, म्हणजे सेकंदाला २८ मीटर. ही ऊर्जा ४० मीटर उंची चढण्याइतकी आहे. तुमच्या पट्टीचा चढ ४२ मीटर. अर्थ असा की ब्रेक अजिबात न लावता, चाकांचं घर्षण शून्य धरलं तरी विमान माथ्यापर्यंत पोचता पोचता थांबतं. ओल्या गवतावर हे सोन्याहून मोलाचं, कारण तिथे ब्रेकवर भरवसाच नसतो. प्रत्यक्षात उलटी अडचण येते: विमान मधेच थांबतं आणि वर न्यायला बरीच पॉवर लागते. स्पर्श झाल्यावर पॉवर देऊन वेगातच माथ्यावर जायचं. ११ टक्क्यांच्या पट्ट्यात थांबलात तर पूर्ण पॉवर द्यावी लागेल आणि मागे खडे उडतील.

आडवारा
मूळ प्रश्नात वाऱ्याचा एक शब्द नाही, म्हणून लिहितो. जागा निवडण्याआधी निदान एक वर्षाच्या वाऱ्याच्या नोंदी हव्यात. तीन खांब : खालचा थ्रेशोल्ड (उतरायला पट्टी जिथे सुरू होते ती रेषा), मध्य आणि माथा. उंची ६ ते १० मीटर, दर दहा मिनिटांनी सरासरी आणि सर्वांत जोराचा झोत दोन्ही नोंदवणारी यंत्रं. जवळच्या हवामान केंद्राचे आकडे डोंगरात कामाचे नाहीत. दोनशे मीटरवरच्या सोंडेवर वारा वेगळा असतो.

काय शोधायचं ते सांगतो. उन्हं चढली की डोंगरउतारावरची हवा तापून वर चढते. तुमच्या आ पट्टीवर उतरताना हा वारा पाठीमागून येईल आणि उडताना समोरून. रात्री आणि पहाटे थंड हवा खाली घसरते, तेव्हा उलट. ५५ नॉटने उतरणाऱ्या विमानाला १० नॉट पाठवारा म्हणजे जमिनीवर ६५ नॉट, ऊर्जा ४० टक्के जास्त. चढ ती झेलतो, पण मर्यादा आधीच कागदावर ठरवा. माझ्या मते या पट्टीला उतरताना ५ नॉटपेक्षा जास्त पाठवारा नको. सगळं काम सकाळच्या शांत तासांत, ११ नंतर पट्टी बंद, असा नियम केला तर निम्मे प्रश्न मिटतात.

दुसरं, खालच्या टोकाचा कडा. थ्रेशोल्डच्या अलीकडे जमीन एकदम तुटत असेल तर माथ्याकडून येणारा वारा त्या कडेवरून खाली कोसळतो आणि शेवटच्या शंभर मीटरांत विमान खाली खेचलं जातं. नेमकं तेव्हा वैमानिकाकडे उंची नसते. उपाय दोन. थ्रेशोल्डच्या खुणा कडेपासून ४०-५० मीटर आत घ्या आणि कडेचं टोक गोल करून टाका. चाक टेकलंच तर सरळ भिंतीला नको, उताराला टेकू दे.

शेजारी उंच सुळका किंवा झाडांची रांग असेल तर त्यांच्या वाऱ्याआडच्या बाजूला भोवरे उठतात, अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत सहज. धूर करून बघा. ओलं गवत पेटवून पट्टीच्या तीन ठिकाणी एकाच वेळी धूर सोडला की जे दिसतं ते यंत्राच्या आकड्यांतून कळत नाही. धूर वर जाऊन परत खाली वळला तर ती जागा टचडाऊनसाठी बाद.

सोंडेवर
आडवारा, अ ला वाऱ्याचं काय होईल?

आडवारा
डोंगराच्या कुशीतल्या पट्टीला दिवसभर चढणारा वारा आडवा लागतो आणि संध्याकाळनंतर उतरणाराही आडवाच. बाजूच्या तटामुळे पट्टीवर गोळा होऊन फिरतो ते वेगळंच.

मुरूमदबाई
आता आ वरच चर्चा आहे असं धरून मातीकाम सांगतो. भराव मीटरभर असला तरी लोक इथेच फसतात. 'एवढासा भराव, पसरून द्या, पावसाने बसेल.' पावसाने तो बसतो खरा, पण एका जागी दहा सेंटिमीटर आणि शेजारी शून्य.

पहिल्यांदा वरची काळी-तपकिरी माती १५-२० सेंटिमीटर खरवडून बाजूला. ढीग दोन मीटरांपेक्षा उंच नको, नाहीतर आतली माती मरते आणि गवत धरत नाही. खोडं मुळासकट उपटा. जमिनीबरोबर कापलेलं खोड दोन-तीन वर्षांत कुजतं आणि वरून दिसत नाही अशी पोकळी राहते. १७२ चं नाकाचं चाक ५.००-५ मापाचं, ते त्या पोकळीत गेलं की पंखा (प्रोपेलर) जमिनीला.

मग भरावाच्या जागी पायऱ्या. उतार १:५ पेक्षा तीव्र असेल तिथे त्या हव्यातच. तुमच्याकडे १० टक्केच आहे, तरी जमीन निदान नांगरून खडबडीत करा, म्हणजे भराव जुन्या पृष्ठावरून घसरणार नाही. अ केली असती तर २.५ मीटर रुंदीच्या पायऱ्या, पायथ्याला दगडी चावी, सगळं लागलं असतं.

भरावाचा थर सैल अवस्थेत २० सेंटिमीटर, दाबून १५. दगड थराच्या जाडीच्या दोन-तृतीयांशापेक्षा मोठा नको. १०-१२ टनी कंपन रोलरच्या सहा ते आठ फेऱ्या. प्रॉक्टर घनतेच्या (प्रयोगशाळेत ठरावीक घावांनी दाबून मिळणारी सर्वाधिक घनता) ९५ टक्के. ओलावा सर्वोत्तम ओलाव्याच्या दोन टक्के इकडे-तिकडे. प्रयोगशाळा लांब असेल तर हाताची परीक्षा : मूठभर माती आवळा. गोळा झाला आणि बोटाने दाबल्यावर दोन तुकडे झाले तर ठीक. भुगा झाला तर पाणी मारा. बोटांना चिकटून ओघळ दिसला तर पसरून वाळू द्या, त्यावर रोलर घालू नका, माती रबरासारखी हलेल. फुगणारी चिकणमाती भरावात घालायचीच नाही, मग ती फुकट का मिळेना.

भरावाची कड रोलरला दाबता येत नाही. म्हणून ४० सेंटिमीटर जास्त रुंद भरा, दाबा आणि नंतर बाहेरचं सैल तासून टाका.

ताकद मोजायला डीसीपी (घाव घालून शंकू जमिनीत रुतवायचं साधं यंत्र) वापरा. ८ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटरवरून सोडायचा आणि दर घावाला शंकू किती शिरला ते मोजायचं. घावाला २० मिलिमीटर म्हणजे सीबीआर (जमिनीच्या भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा) दहाच्या आसपास, लहान विमानाच्या गवती पट्टीला उत्तम. ४० म्हणजे पाचच्या खाली, पावसाळ्यात पट्टी बंद ठेवावी लागेल. ओल्या दिवशीच मोजा. उन्हाळ्यात चिखलसुद्धा दहा दाखवतो. सेंटरलाइनवर आणि दोन्हीकडे तीन-तीन मीटरवर, दर ५० मीटरला एक. चाकं तिथेच चालतात.

लुक्लाला १९६४ मध्ये हिलरींनी शेर्पांना पट्टीवर नाचायला लावून माती दाबून घेतली, हे प्रसिद्ध आहे. रोलर वर चढवायचा रस्ताच नसेल तर माणसांचे पाय हा खरोखरचा पर्याय आहे, फक्त थर मग दहा सेंटिमीटरचा हवा. डांबर तिथे २००१ मध्ये आलं.

लेव्हलबुक
उताराच्या बदलाबद्दल कोणी बोललं नाही. ४ वरून ७, मग ७ वरून ११. परिशिष्ट १४ कोड १ ला दर ३० मीटरांत ०.४ टक्के बदल देतं, म्हणजे त्रिज्या ७५०० मीटर. ४ टक्क्यांच्या बदलाला ३०० मीटर लांबीचा वक्र. अर्धी पट्टी वक्रातच जाईल. पण सेकंदाला २८ मीटर वेगाने १५०० मीटर त्रिज्येवरून गेलं तरी उभा धक्का गुरुत्वाच्या पाच टक्केच आहे. त्या त्रिज्येने ४ टक्क्यांना ६० मीटर आणि ३ टक्क्यांना ४५ मीटर वक्र पुरतो. डोंगरी पट्टीला मी हेच धरीन. खुंट्या दर १० मीटरला आणि लेव्हल दोन सेंटिमीटरच्या आत.

तुमच्या सोंडेचं नशीब चांगलं. उतार वर जाताना वाढतोय, म्हणजे वक्र खोलगट आहे. मधेच टेंगूळ असतं तर उतरताना चाकं तिथे हवेत सुटली असती, उडताना विमान वेग यायच्या आधी उचललं गेलं असतं आणि एका टोकावरून दुसरं दिसलंही नसतं. टेंगूळ असेल तर ते आधी कापा, मग बाकी काहीही करा. मधला एखादा सखल भाग भरून काढायला मात्र फार खर्च करू नका.

टेलव्हील
+१. आणि खालचे ४ टक्के ही देणगी आहे. ३ अंशांनी खाली येणाऱ्या विमानाला सपाट पट्टीवर ३ अंशच वळायचं असतं. ४ टक्क्यांच्या चढावर ५.३ अंश, ११ टक्क्यांच्या चढावर सव्वानऊ. हा फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलून वळणं) जितका मोठा तितका वेग जास्त खातो. म्हणून डोंगरी पट्टीवर वेग राखून यायचं आणि थोडी पॉवर फ्लेअरमध्येही ठेवायची.

दृष्टिभ्रम सर्वांना ठाऊक असतो, तरी फसवतो. ७ टक्के चढ म्हणजे ४ अंश. बरोबर ३ अंशांनी येत असाल तरी डोळ्यांना ७ अंशांचं चित्र दिसतं, 'फार उंच आहोत' वाटतं आणि माणूस खाली जातो. खालचा कडा तिथेच वाट बघत असतो. उपाय : थ्रेशोल्डपासून ६०० मीटर अलीकडे जमिनीवर ओळखू येणारी खूण ठरवा, तिथे उंची थ्रेशोल्डच्या वर ३१ मीटर हवी. उंचीमापकावर बघा, पट्टीकडे बघून ठरवू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं. तक्त्याच्या आकड्यात थोडी घट धरली तर १७२ या उंचीला, या उन्हात मिनिटाला साडेचारशे फुटांच्या आसपास चढेल. ८० नॉटला तो चढ साडेपाच टक्के होतो. तुमची पट्टी सात टक्के. म्हणजे विमान पट्टीपेक्षा हळू चढतं! थ्रेशोल्ड ओलांडल्यावर गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) नाहीच. उलट फिरायची जागा थ्रेशोल्डच्या अलीकडे, दरीच्या मोकळ्या बाजूला हवी, आणि त्या बाजूला तारा नाहीत हे पायी जाऊन बघायला हवं. दरीवरून गेलेली वीजवाहिनी हवेतून दिसत नाही. खांब दिसतात, तेच शोधा.

पाणवाट
सोंडेवर पाण्याचा त्रास कमी, हे खरं, कारण वरून येणारं पाणलोट क्षेत्रच नाही. कुशीत अ केली असती तर वरचे ५ हेक्टर तुमच्या तटावर उतरले असते. ताशी १०० मिलिमीटर पाऊस आणि निम्मं पाणी वाहून येतं असं धरलं तर सेकंदाला ०.७ घनमीटर. ६०० मिलिमीटरची सिमेंट नळी १ टक्का उतारावर भरून वाहिली तरी ०.६ नेते. म्हणजे पट्टीखालून ९०० ची मोरी आणि वर तटाच्या माथ्यावर चर.

पण आ चा धोका वेगळा आहे आणि तो हमखास दुर्लक्षित राहतो. पट्टीवर पडलेलं पाणी बाजूला न जाता लांबीत धावतं. मधोमध उंचवटा ठेवून दोन्हीकडे २ टक्के आडवा उतार दिलात आणि लांबीत १० टक्के आहे, तर सेंटरलाइनवरचा थेंब ९ मीटर बाजूला जाईपर्यंत ४५ मीटर खाली धावतो. वाटेत वेग घेतो. दोन पावसांत बोटभर घळी, एका पावसाळ्यात चाक अडकेल एवढ्या. आडवा उतार ३ टक्के केला तर तेच अंतर ३० मीटर होतं. वरच्या ११ टक्क्यांच्या भागात मी ३ च ठेवीन, खाली २.५.

मातीचे आडवे बांध घालू नका, रस्त्यावर चालतात म्हणून पट्टीवर नाहीत. सेकंदाला २८ मीटर वेगाने त्यांचं गतिरोधक होतं.

बाकी सगळं गवतावर. पेरणी मातीकामानंतर लगेच, पावसाच्या आधी. खरवडलेली माती १० सेंटिमीटर परत पसरा, हलका रोलर, बी, वर तागाची जाळी खुंट्यांनी घट्ट. जाळी वर्षभरात कुजते, तोवर मुळं धरतात. पसरणारं, खोडांनी जमीन पकडणारं गवत हवं, झुपक्यांचं नको. झुपक्यांमध्ये पाणी वाट काढतं. भरावाच्या बाहेरच्या उतारावर वाळ्याच्या ओळी समपातळीत, रोप ते रोप १५ सेंटिमीटर. वाळ्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, आडवी पसरत नाहीत. पट्टीवर मात्र वाळा नको, माणसाच्या उंचीचा होतो. पट्टीवरचं गवत १० सेंटिमीटरच्या आत.

पूर्ण पावसाळा एक जाऊ द्या, मग विमान आणा. घळी कुठे पडतात ते तोच दाखवतो.

सोंडेवर
अ रद्द. आ चं असं ठरवतोय : ६०० मीटर, १८ मीटर धाव आणि ६-६ मीटर पट्टे, दोन वक्र ६० आणि ४५ मीटर, थ्रेशोल्ड ४० मीटर आत, माथ्यावर ३० × ४० चं वळायचं मैदान. उतरणं फक्त चढाकडे. आणखी काय राहिलं?

टेलव्हील
थ्रेशोल्ड ४० मीटर आत घेतलात तर उतरायला ५६० मीटर धरा, उडताना मात्र पूर्ण ६०० वापरा. माथ्याच्या मैदानात जिथे इंजिन तपासायचं तिथे ६ × ६ मीटरचा काँक्रीटचा चौथरा करा. स्थिर विमानाचा पंखा बारीक खडे ओढून घेतो आणि पात्यांच्या कडा कुरतडतात. मैदानाला १ टक्का उतार पुरे. विमान उतारावर उभं करायची वेळ आली तर १७२ चा इंधन निवडक डाव्या किंवा उजव्या टाकीवर ठेवा, 'दोन्ही' वर ठेवला तर वरच्या पंखातलं इंधन खालच्या पंखात उतरतं आणि टाकीच्या हवानळीतून बाहेर ठिबकतं.

आडवारा
विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) दोन. एक खाली थ्रेशोल्डच्या डाव्या बाजूला, वैमानिकाला दिसेल असा, एक माथ्यावर. परिशिष्टाप्रमाणे लांबी ३.६ मीटर, मोठ्या तोंडाचा व्यास ०.९ मीटर. दोन्ही एकमेकांच्या उलट दिसले तर उतरायचं नाही, दरीच्या मोकळ्या बाजूला दुसरी फेरी घेऊन थांबायचं. खांब पोकळ, पायथ्याशी मोडणारा.

लेव्हलबुक
चाचणी खड्डे राहिले. दर १०० मीटरला दोन मीटर खोल, आणि जिथे माथा तासायचा आहे तिथे निदान एक मीटर. ८५ सेंटिमीटरच्या कापात ५० वर कातळ लागला तर सगळा हिशोब फिरतो. मग तासायचं कमी आणि बाहेरून भराव आणायचा. पोकलेन आणायच्या आधी हे करा, नंतर नाही.

पाणवाट
कुंपणाचं कोणी विचारलं नाही. गुरं आणि रानडुकरं गवती पट्टीवर येणारच, पण खालच्या टोकाला थ्रेशोल्डसमोर तारेचं कुंपण उभं राहिलं की तोच अडथळा होतो. कोड १ च्या साध्या पट्टीला थ्रेशोल्डच्या ३० मीटर अलीकडून १:२० ने वर जाणारं पृष्ठ मोकळं हवं. तुमच्याकडे खाली जमीन तुटतेच आहे, तर कुंपण कडेवर न घेता उतारावर इतकं खाली उतरवा की वरची तार पट्टीच्या पातळीच्या दीडेक मीटर खालीच राहील. बाजूच्या रेषा साफ पट्ट्याच्या बाहेर. आणि फाटक माथ्याकडे, ट्रॅक्टर तिथूनच येईल गवत कापायला.